तीन नावांचं कार्ड

जासईत लग्नाची पत्रिका छापायची म्हणजे लग्न जमवण्यापेक्षा मोठं काम. नवरा-नवरीची नावं एका ओळीत बसतात, पण त्यांच्या खाली जी माणसं बसवायची असतात त्यांना चार पानं पुरत नाहीत. सरपंच, माजी सरपंच, पोलीस पाटील, मंडळाचे अध्यक्ष, ज्यांनी एकदा कुठेतरी शब्द टाकला होता ते शेठ. एखादं नाव राहिलं की तो माणूस हळदीला येत नाही, आणि नुसता येत नाही असं नाही, दोन वर्षं दारावरून जाताना मान वळवून जातो. इंद्रजीतच्या चुलतभावाच्या लग्नात असंच एक नाव राहिलं होतं. इंद्रजीतने त्या प्रकरणाचा असा धसका घेतला की तेव्हापासून कुठलाही छापील कागद पुढे आला, त्यात नावं लिहायची जागा दिसली, की त्याचा हात आपोआप मोठ्या माणसांकडे वळायचा.

हे सांगायचं कारण, त्या सवयीपायी त्याच्या मुलीचं एक अख्खं वर्ष कोंडीत गेलं.

मुलीचं नाव मनस्वी. वय चौदा, इयत्ता नववी. आई मनिषा ती तीन वर्षांची असताना गेली. तेव्हा इंद्रजीतची थोरली बहीण जनी, जी नवरा वारल्यावर माहेरी येऊन मिठागरात पाट्या वाहत होती, तिने पाटी खाली ठेवली आणि पोर उचलली. त्यानंतर मिठागरं गेली, तिथे कंटेनरचे यार्ड आले, इंद्रजीतचे दोन ट्रेलर झाले, मग पाच झाले. दारातून रात्रंदिवस गाड्या धडधडायला लागल्या. पोरीला सायकलवर सोडायची सोय राहिली नाही. शिवाशेठ म्हणाले, “इंद्रजीत, पोरगी हुशार हाय, बोर्डिंगात टाक. मी चिठ्ठी देतो.” शिवाशेठ म्हणजे यार्डात कुणाची गाडी आधी लागायची ते ठरवणारे गृहस्थ. त्यांनी चिठ्ठी देतो म्हटल्यावर ती न घेणं इंद्रजीतला शक्य नव्हतं. जनीला कुणी विचारलं नाही. तिला फक्त सांगितलं.

शाळा पनवेलच्या पलीकडे, सुकापूर मागे टाकून माथेरानच्या डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावर. घरापासून गाडीने तासाभराचं अंतर. जून महिन्यात ऑफिसातल्या दमयंती मॅडमनी इंद्रजीतपुढे फॉर्म सरकवला. त्यात एक चौकोन होता: विद्यार्थिनीस भेटण्यास व घरी नेण्यास येणाऱ्या व्यक्ती, कमाल तीन. फोटोसह.

इंद्रजीतने पेन उघडलं, दोन क्षण आढ्याकडे पाहिलं आणि लिहिलं. एक, शिवाशेठ. दोन, सरपंच रामूदादा. तीन, तो स्वतः. स्वतःला शेवटी घातलं, कारण आपलं नाव वर घालणं बरं दिसत नाही. जनीचं नाव त्याच्या मनातही आलं नाही. तसा तो वाईट भाऊ नव्हता. पण घरच्या माणसांची नावं पत्रिकेत कोण छापतं? जनी तर येणारच होती, तिला वेगळं बोलवायचं कशाला, असा त्याचा सरळ हिशोब. शिवाशेठचा सुटा फोटो त्याच्याकडे नव्हता, म्हणून त्याने वाढदिवसाच्या बॅनरवरचा कापून दिला. त्यात शेठ हात जोडून उभे होते. दमयंती मॅडमनी फोटो चिकटवला, शिक्का मारला, आणि मनस्वीच्या भेटीच्या कार्डावर हात जोडलेले शिवाशेठ वर्षभरासाठी जाऊन बसले.

मनस्वीला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिला एवढंच ठाऊक होतं की महिन्याच्या शेवटच्या रविवारी भेटीचा दिवस असतो आणि आत्या येणार आहे. आत्याने निघताना सांगितलं होतं, “रडू नको गो. रविवार धावत येतंय.” त्या रविवारी मनस्वीने सकाळी सात वाजताच वेणी घातली. भेटीच्या हॉलमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. दहा वाजल्यापासून नावं पुकारायला लागली. एकेक मुलगी उठून जायची, आईच्या गळ्यात पडायची. मनस्वी पाचपर्यंत खुर्चीवर बसून राहिली. तिचं नाव कुणी पुकारलं नाही.

पहिले आठ दिवस तिने आत्यावर राग धरला. पुढचे आठ दिवस तिला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं असणार. फोन करायची मुभा आठवड्यातून एकदा, पाच मिनिटं, तीही कार्डावरच्या नंबरलाच. म्हणजे फोन पप्पांना. पप्पा कायम यार्डाच्या गोंगाटात, रविवारीसुद्धा. “बोल गो. जेवलीस का? पैसं पायजेत का?” एवढं विचारेपर्यंत कुणीतरी त्यांना हाक मारायचं आणि ते “हा, आलो आलो” करत फोन ठेवून द्यायचे. आत्या का आली नाही हे विचारायला पाच मिनिटं पुष्कळ होती, पण त्या पाच मिनिटांत पप्पा सापडायचेच नाहीत.

जुलैच्या भेटीच्या दिवशी कोडं सुटलं. मनस्वीच्या शेजारच्या खाटेवर यूम्ना नावाची पनवेलची मुलगी होती. तिचे वडील दुबईला, आई नूरुन्निसा दर महिन्याला न चुकता यायची. त्या दिवशी ती आत आली, यूम्नाला जवळ घेतलं आणि मनस्वीकडे वळून म्हणाली, “बेटा, तू जासईची ना? बाहेर गेटपाशी एक बाई बसल्यात. हिरवं लुगडं, हातात डबा. म्हणतात, मी मनूची आत्या. मागच्या महिन्यातपण आल्या होत्या म्हणे, दिवसभर बसून गेल्या. वॉचमन सोडत नाही त्यांना.”

मनस्वी उठली ती धावतच ऑफिसात गेली.

“आत्या आलीय माझी. तिला आत सोडा ना.”

दमयंती मॅडमनी रजिस्टर काढलं. “कार्डावर नाव नाही बाळा.”

“पण ती आत्या आहे. तिनेच वाढवलंय मला.”

“असेल. पण हे बघ.” मॅडमनी कार्ड तिच्यापुढे धरलं. मनस्वीने पहिल्यांदाच ते पाहिलं. वर हात जोडलेले शिवाशेठ, मध्ये रामूदादा, खाली पप्पा. शिवाशेठना तिने आयुष्यात दोनदा पाहिलं होतं, दोन्ही वेळा स्टेजवर.

दमयंती मॅडम दुष्ट होत्या असं नाही. त्यांनी तिला बसवून सांगितलं. चार वर्षांपूर्वी एका मुलीला तिचा चुलता गोड बोलून घेऊन गेला होता, जमिनीच्या वाटणीचं भांडण होतं, आणि आठ दिवस पोरगी सापडली नव्हती. तेव्हापासून नियम झाला, कार्डावर जे नाव तेच माणूस आत, आणि कार्ड बदलणार वर्षातून एकदा, नव्या वर्षाच्या फॉर्मबरोबर. मधे कुणी कितीही सांगितलं तरी नाही. नियम शहाणपणाचा होता, यात शंका नाही. फक्त तो ज्या चुलत्यासाठी केला होता तो आता कुठेच नव्हता, आणि अडली होती एक आत्या.

त्या दिवशी मनस्वीच्या मनात एकच गोष्ट पक्की झाली. आत्याला या गेटातून आत आणायचं. बाकी गणित, इंग्रजी, पहाटे साडेपाचची पीटी, सगळं त्याच्या मागे.

पण आणायचं कसं? चारी बाजूंनी भिंत, भिंतीवर तार, आणि दिवसाचा प्रत्येक तास घंटेला बांधलेला. उठायची घंटा, आंघोळीची घंटा, जेवायला रांग, अभ्यासाला रांग, झोपायला रांग. मोकळेपणी बसायला मिळायचं ते फक्त संडासात, आणि तिथेही बाहेरून कुणीतरी दार वाजवायचंच. गावात दारातून ट्रेलर जायचे तेव्हा मनस्वी वैतागायची. आता तिला त्या आवाजाशिवाय झोप लागेना.

एक फट मात्र तिला सापडली. रविवारी दुपारी जेवण झालं की मुली मेसकडून हॉस्टेलकडे रांगेने जायच्या. त्या वाटेवर, स्वयंपाकघराचा कोपरा वळल्यापासून पाण्याच्या टाकीपर्यंत, गेट दिसायचं. वीस पावलं. मनस्वीने मोजली होती. तिने नूरुन्निसाकडून निरोप पाठवला, आणि ऑगस्टपासून जनी बरोबर त्या वेळेला गेटच्या गजांना धरून उभी राहायला लागली. मनस्वी रांगेच्या कडेने चालायची. हात वर करायची परवानगी नव्हती. ती नुसती बघायची. आत्याही बघायची. सावकाश चाललं तर मागची मुलगी टाच तुडवायची आणि वॉर्डन ओरडायची. तरी मनस्वीने त्या वीस पावलांची पंचवीस केली होती.

महिन्यातून एकदा, पंचवीस पावलं. त्यासाठी जनी जासईहून बस धरायची, पनवेलला उतरायची, सुकापूरपर्यंत सीटची रिक्षा, पुढे दुसरी रिक्षा. डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. शाळेची मेस शाकाहारी, बाहेरचं खाणं बंद. तो डबा आत जाणं शक्य नव्हतं हे जनीला पहिल्याच महिन्यात कळलं होतं, पण रिकाम्या हाताने जायचं कसं, म्हणून ती दर वेळी आणायची आणि परत नेण्यापेक्षा वॉचमनला द्यायची. वॉचमन महादेव कोन गावचा. सुकटीचा वास आला की त्याचा नियम अर्धा वितळायचा. अर्धाच. तो आत्याला बसायला खुर्ची द्यायचा, गार पाणी द्यायचा, दार उघडायचा नाही.

“मावशी, माझी नोकरी जाईल वो,” तो म्हणायचा.

“मी कवा म्हनलं उघड म्हनून? तू जेव.”

एकदा सोमवारी मैदानात झाडाला पाणी घालताना महादेव मनस्वीला भेटला आणि मायेने म्हणाला, “तुझ्या आत्याच्या हाताला चव हाय हां. काल जरासं मीठ कमी पडलं होतं.” बिचाऱ्याला वाटलं, पोरीला बरं वाटेल. पण त्या वाक्याने मनस्वीला जेवढा राग आला तेवढा सबंध वर्षात कशानेच आला नाही. आत्याच्या हातच्या जेवणात मीठ कमी होतं, हे तिला एका परक्या माणसाकडून कळत होतं.

गणपतीला शाळेने दोन दिवसांची सुट्टी दिली. आगरी घरात दीड दिवसाचा का असेना, गणपती म्हणजे गणपती. नेणारा माणूस कार्डावरचाच हवा, आणि संध्याकाळी पाचच्या आत हवा. जनीने भावाला चार दिवस आधीपासून घोकवून ठेवलं होतं. इंद्रजीत म्हणाला, “दुपारी जेवून निघतो.” मनस्वी पिशवी भरून बाकावर बसली. एकेक मुलगी जात राहिली. यूम्नाही गेली, कारण सुट्टी सगळ्यांनाच होती. जाताना तिने मनस्वीला आपली उशी दिली, ती का दिली हे तिलाही सांगता आलं नसतं.

झालं असं, की त्याच दुपारी शिवाशेठ गावातल्या मंडळाच्या गणपतीच्या दर्शनाला येणार होते. दोनला येणारे शेठ साडेचारला आले. स्वागताला इंद्रजीत नसता तर कसं दिसलं असतं? त्याने नारळ दिला, शाल दिली, फोटोत उभा राहिला आणि मग गाडी अशी हाणली की पळस्प्याला चलान फाटलं. तो गेटवर पोचला तेव्हा पावणेसात वाजले होते. ऑफिसला कुलूप, वॉर्डनचं एकच, ऑफिस आता सुट्टी संपल्यावरच उघडणार. दुसऱ्या दिवशी दुपारी विसर्जन. इंद्रजीतने गेटवरच फोन बाहेर काढला. कुणाला लावणार? शिवाशेठना लावला असता तर कदाचित दार उघडलंही असतं, पण एवढ्याशा कामासाठी शेठना त्रास द्यायचा म्हणजे ती चिठ्ठी वाया घालवल्यासारखं. त्याने नंबर काढला, बघितला आणि फोन खिशात ठेवला.

मनस्वी ते ऑफिसच्या वरच्या खिडकीतून बघत होती, जिथे एरवी मुलींना जाता यायचं नाही. पप्पांनी फोन खिशात ठेवलेला तिला दिसला. मग गाडीचे मागचे लाल दिवे दिसले. ती खाली बसली आणि तिने स्वतःलाच मोठ्याने सांगितलं, “मी याच्याशी कधीच बोलणार नाही.”

दिवाळीच्या सुट्टीत मात्र बोलावं लागलं, कारण काम होतं. तीन आठवडे ती घरी होती. पहिल्याच सकाळी, आत्या भाकऱ्या थापत असताना, तिने पप्पांना गाठलं.

“पप्पा, शिवाशेठचं नाव काढा आणि आत्याचं घाला.”

इंद्रजीतने आधी दाराकडे बघितलं, कुणी ऐकलं तर नाही ना. “हलू बोल! नाव काडा म्हनं. त्यांच्या चिठ्ठीवर तू आत गेलीस.”

“ते येतात का कधी मला भेटायला?”

“नाय येत. म्हनून नाव काडायचं? उद्या त्यांना कलला, इंद्रजीतने आपलं नाव काडला, तर माजी गाडी यार्डात चार दिवस उभी रायल.”

“मग रामूदादांचं काढा.”

“गावात रायचाय मना.”

“मग मला तिथून काढा.”

इंद्रजीत टॉवेल घेऊन आंघोळीला गेला आणि बराच वेळ आत राहिला. खरं सांगायचं तर त्याचंही तसंच होतं. एका चिठ्ठीच्या बदल्यात तो शेठच्या दाराशी बांधला गेला होता आणि त्याला पोरीसारखी खिडकीसुद्धा नव्हती. पण हे चौदा वर्षांच्या मुलीला कळावं असं म्हणणं जुलूम होईल.

आत्या तव्यावरून भाकरी उतरवत म्हणाली, “जाव दे गो. मी येतंय ना. दिसतंस ना मना.”

“दिसणं म्हणजे भेटणं नाही आत्या.”

“मना म्हायती हाय,” जनी म्हणाली, आणि पुढची भाकरी तिने इतकी जोरात थापली की ती मधून फाटली.

सुट्टी संपली. पुन्हा घंटा, रांग, पंचवीस पावलं. डिसेंबरात स्नेहसंमेलन झालं, पालकांना आमंत्रण, पण तेही कार्डधारकांनाच. शाळेने तिन्ही पत्त्यांवर छापील निमंत्रणं पाठवली. शिवाशेठच्या ऑफिसातून शुभेच्छांचं पत्र आलं, ते मुख्याध्यापकांनी स्टेजवरून वाचून दाखवलं, टाळ्या पडल्या. मनस्वी त्या वेळी नाचाच्या वेशात पडद्यामागे उभी होती. तिची आत्या बाहेर गेटवर महादेवाच्या खुर्चीवर बसून लाउडस्पीकरवरची गाणी ऐकत होती. यातलं आपल्या पोरीचं गाणं कुठलं, हे तिला नूरुन्निसाने नंतर बाहेर जाऊन सांगितलं.

जानेवारीच्या रविवारी मनस्वी स्वयंपाकघराचा कोपरा वळली आणि गेटवर कुणीच नव्हतं. तिला वाटलं, उशीर झाला असेल. ती मुद्दाम चप्पल तुटल्याचं नाटक करून खाली बसली. वॉर्डनने दंडाला धरून उठवलं. फेब्रुवारीतही गेट रिकामं. नूरुन्निसाने जासईला फोन लावून बातमी आणली, “गुडघा सुजलाय त्यांचा. तीन तीन गाड्या बदलणं होत नाही. फिक्र करू नको, म्हणाल्यात.”

फिक्र करू नको म्हटल्यावर कोण थांबतं? मनस्वीने मुख्याध्यापकांना अर्ज लिहिला. चार वेळा फाडून पाचव्यांदा नीट लिहिला. त्यात तिने आत्या कोण, आई कधी गेली, आणि आत्या किती महिने गेटवर बसली ते सगळं लिहिलं. उत्तर आठ दिवसांनी आलं, अर्जाच्याच मागे, निळ्या शाईत: पुढील शैक्षणिक वर्षाच्या फॉर्ममध्ये बदल करून घ्यावा. खाली सही. तिने तो कागद घडी करून गणिताच्या वहीत ठेवला आणि दिवस मोजायला लागली. वर्गात बाई काय शिकवतात तिकडे तिचं लक्ष नसायचं. तिला आपण पाण्याच्या टाकीत पडलोय आणि वरून कुणी झाकण लावलंय असं वाटायचं, आणि सगळ्यात भीती या गोष्टीची वाटायची की आपल्याला त्याची सवय होत चालली आहे. मार्चमध्ये एका रविवारी ती कोपरा वळली आणि गेटकडे बघायलाच विसरली. हॉस्टेलच्या पायरीवर आल्यावर तिच्या लक्षात आलं. त्या दिवशी ती जेवलेलं सगळं ओकली.

एप्रिलच्या शेवटी निकाल. दहावीचे फॉर्मही त्याच दिवशी भरायचे होते. इंद्रजीत या वेळी सकाळी साडेनऊलाच हजर. गाडीत मागे जनी होती, गुडघ्याला पट्टा बांधून. महादेवने गेट अर्धवट उघडून गाडीत डोकावलं, जनीला नमस्कार केला आणि म्हणाला, “मावशी, तीन महिने उपास घडला बघा मला.” जनी गाडीतच बसली. इंद्रजीत एकटा आत आला.

मनस्वी ऑफिसच्या दाराशी उभी होती. काय बोलायचं ते तिने पाठ केलं होतं, महिनाभर, पीटीच्या रांगेत उभं राहून. दमयंती मॅडमनी फॉर्म पुढे केला. मागच्या वर्षीची नावं त्यात आधीच छापून आली होती.

“बदल असेल तर आजच करा,” मॅडम म्हणाल्या, “नंतर वर्षभर काही करता येत नाही.”

इंद्रजीतने तो चौकोन वाचला. वरचं नाव, मधलं नाव.

“पप्पा,” मनस्वी म्हणाली. पाठ केलेलं सगळं गेलं कुठल्या कुठे. “पप्पा, आत्या. तिचा गुडघा दुखतो. ती येऊन परत बाहेर बसली तर मी नाही राहणार इथे. मी जेवणार नाही. मी खरंच सांगते.” आणि ती दमयंती मॅडमसमोर, दारातून डोकावणाऱ्या दोन मुलींसमोर, हुंदके द्यायला लागली.

इंद्रजीतने पेन हातात घेतलं. त्याने पेनचं टोक शिवाशेठच्या नावावर टेकवलं. तिथून उचलून रामूदादांच्या नावावर आणलं. तिथेही त्याचा हात चालेना. मॅडम त्याच्याकडे बघत होत्या, पोरगी बघत होती. मग एकदम त्याचा चेहरा मोकळा झाला. अवघड गणित अचानक सुटावं तसा. तो खाली आला, तिसऱ्या ओळीवर, आणि एका रेघेत त्याने स्वतःचं नाव खोडलं. त्याच्यापुढे, सुवाच्य अक्षरात, लिहिलं: जनी. नातं, आत्या.

“अहो,” दमयंती मॅडम म्हणाल्या, “तुम्ही वडील आहात.”

“हो.”

“मग तुम्हाला आत येता येणार नाही. मुलीला न्यायला येता येणार नाही. फोनसुद्धा या तीन नंबरांनाच लागतो.”

“चालेल की मॅडम. बाय येते ना, ती सांगंल मला.”

“हे वरचे दोघं कोण, नातेवाईक आहेत का?”

“नाही, नाही,” इंद्रजीत गडबडीने म्हणाला. “मोठी माणसं आहेत.”

मनस्वीचं रडणं मधेच थांबलं. वर्षभर तिने एकच मागितलं होतं, आत्या आत यावी. पप्पा बाहेर जावेत असं तिने कधी मागितलं नव्हतं. ज्याच्याशी कधीच बोलणार नाही असं तिने ठरवलं होतं, त्याचा तो गोंगाटातला “जेवलीस का” आता पुढचं वर्षभर येणार नव्हता, आणि हे त्याच्या लक्षातही आलेलं नव्हतं. त्याला इतकं सोपं कसं गेलं? त्याचा राग यावा की त्याला मिठी मारावी हे तिला कळेना.

“पप्पा, असं नको,” ती म्हणाली.

“का गो? तूच म्हनलीस ना, आत्या पायजे म्हनून?” तो खरोखरच गोंधळला होता. मग त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. “घाबरतंस कशाला? कुनी काय बोलनार नाय. सगल्यांचा मान रायला बग.”

मॅडमनी क्षणभर वाट पाहिली. मनस्वीने पप्पांच्या हातातलं पेन ओढलं, पण फॉर्म मॅडमच्या बाजूला गेला होता. शिक्का पडला.

बाहेर गाडीपाशी येईपर्यंत इंद्रजीतची छाती फुगली होती. त्याने मागचं दार उघडलं आणि बहिणीला बातमी दिली. “बाय, झाला तुजा काम. जूनपासून खुर्चीवर बसून भेट तिला.”

जनीचा विश्वास बसेना. ती मनस्वीच्या रडवेल्या तोंडाकडे बघत राहिली, मग भावाकडे. “नाव कोनाचं काडलंस?”

“कोनाचं नाय,” इंद्रजीत गाडीत बसत म्हणाला. “माजंच.”

जनीने डोळे मिटले. मनस्वी तिच्या शेजारी बसली, तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि जासई येईपर्यंत पुढच्या सीटवरच्या माणसाच्या पाठीकडे बघत रडत राहिली.